छातीतलं पाणी पुन्हा पुन्हा भरतं तेव्हा: सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण एका विडी कामगार बाईंचं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, घरचा तपशील आणि काही काळवेळ बदलली आहे. आजाराचा आणि निर्णयांचा क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे. कॅन्सरच्या रुग्णाच्या फुफ्फुसाभोवती पाणी साठलं की ते सुईनं काढायचं, भरलं की पुन्हा काढायचं, अशी एक वहिवाट पडून गेली आहे. पहिल्यांदा पाणी काढताना तीन गोष्टी नोंदवल्या तर पुढचा बराचसा रस्ता तिथंच ठरतो. पाणी काढल्यावर दम कमी झाला का? फुफ्फुस फुलून वर आलं का? आणि पाणी किती दिवसांत परत भरलं? या बाईंच्या बाबतीत ही उत्तरं मिळायला एप्रिल उजाडला.

पार्श्वभूमी

बाई ५८ वर्षांच्या, कुंभारीच्या विडी घरकुलात राहणाऱ्या. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळत होत्या. मुलगा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर, सून घरीच विड्या करते. घरात तेलुगू, बाहेर मराठी.

चार वर्षांपूर्वी त्यांना डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, शेक (रेडिएशन) दिला आणि नंतर लेट्रोझोल या हार्मोनच्या उपचाराची रोज एक गोळी सुरू झाली. ही गोळी निदान पाच वर्षं घ्यायची असते. बाईंनी दोन वर्षांनी ती सोडली. त्रास काहीच नाही, मग गोळी कशाला, असा साधा हिशोब होता आणि तो कुणी तपासलाही नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फिरताना त्यांना पहिल्यांदा धाप लागली. गर्दीमुळे असेल म्हणून सोडून दिलं. फेब्रुवारीच्या शेवटी उताणं झोपता येईना; भिंतीला उशा लावून, बसल्या बसल्या रात्र काढायच्या. एक्स-रेत छातीची डावी बाजू निम्म्याच्या वर पांढरी दिसली. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये दीड लिटर पाणी काढलं. पाण्यात प्रथिनं जास्त, पेशींमध्ये लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, एडीए, म्हणजे टीबीच्या पाण्यात सहसा वाढणारं विकर, २८. टीबीची औषधं सुरू झाली.

विडी कामगार, उतरलेलं वजन, कोरडा खोकला आणि एकाच बाजूला पाणी. या चार गोष्टी एकत्र आल्या की आपल्याकडे टीबीचंच नाव आधी येतं, आणि बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं. पण एडीए ४० च्या खाली होता, आणि लिम्फोसाइट तर कॅन्सरच्या पाण्यातही जास्त असतात. पाणी पेशी-तपासणीला पाठवलं नव्हतं. घरच्यांनी जुना आजार सांगितला नाही, कारण त्यांच्या लेखी तो चार वर्षांपूर्वीच संपला होता. पदर बाजूला करून छाती तपासली असती तर शस्त्रक्रियेचा व्रण समोरच होता. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. कॅन्सर या जिल्ह्याला नवा नाही. तरी छातीत पाणी म्हटलं की व्रण शोधायची सवय अजून अंगवळणी पडलेली नाही.

दहा-बारा दिवसांत पाणी पुन्हा भरलं. दुसऱ्यांदा काढलं तेव्हा मात्र ते लालसर होतं, म्हणून थोडं पेशी-तपासणीला गेलं. अहवाल आला: अॅडिनोकार्सिनोमाच्या, म्हणजे ग्रंथींपासून होणाऱ्या कॅन्सरच्या, पेशी. तोवर टीबीच्या औषधांना पाच आठवडे होत आले होते, उलट्या होत होत्या आणि यकृताचे आकडे थोडे चढले होते.

अडचण

बाई आमच्याकडे आल्या तेव्हा एका वाक्यात चारदा थांबत होत्या. ऑक्सिजन ९१. सोनोग्राफीत डावीकडे भरपूर पाणी, आणि पडदा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू, वजनानं खाली दबून उलटा वाकलेला.

हा उलटा वाकलेला पडदा फार महत्त्वाचा. पाण्यामुळे फुफ्फुस दबतं म्हणून दम लागतो, असं आपण सरधोपट म्हणतो. प्रत्यक्षात दम लागण्याचं मोठं कारण म्हणजे श्वासाचा हा मुख्य स्नायू ताणला जातो आणि त्याला नीट हलता येत नाही. पाणी काढल्यावर तो वर येतो, आणि फुफ्फुस फारसं फुललं नाही तरी माणसाला हलकं वाटतं. या प्रकरणातला पुढचा सगळा निर्णय याच गोष्टीवर उभा राहिला.

निरोगी माणसाच्या फुफ्फुसावरणाच्या दोन थरांमध्ये जेमतेम दोन-चार चमचे द्रव असतो. तो सतत पाझरतो आणि बाहेरच्या थरातल्या लसीकावाहिन्या तो सतत शोषून घेतात. कॅन्सरच्या पेशी तिथं पोचल्या की पाझर वाढतो आणि निचऱ्याची तोंडं बुजतात. म्हणून आजार आटोक्यात येत नाही तोवर पाणी कितीदाही काढा, ते परत येणारच. नातेवाइकांना हे सुरुवातीलाच सांगावं लागतं. नाहीतर प्रत्येक वेळी त्यांना वाटतं की मागच्या डॉक्टरांनी पूर्ण काढलंच नाही.

आम्ही सोनोग्राफीखाली पाणी काढायला घेतलं. एका वेळी दीड लिटरच्या वर जायचं नाही, हा नेम. खूप दिवस दबलेलं फुफ्फुस एकदम उघडलं तर त्यातच पाणी उतरण्याचा धोका असतो. साधारण ९०० मिलिलिटर निघाल्यावर बाईंच्या छातीत समोरच्या बाजूला ओढ लागली, मग दुखायला लागलं. तिथंच थांबलो. तासाभरानं एक्स-रे काढला. डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग थोडा उघडला होता. खालचा भाग तसाच आवळलेला आणि त्याच्याभोवती पाण्याच्या जागी हवा.

ही हवा पाहून निवासी डॉक्टर घाबरले आणि सुईनं फुफ्फुसाला छिद्र पडलं म्हणून तातडीनं मोठी नळी टाकायच्या तयारीला लागले. तसं नव्हतं. फुफ्फुसावर कॅन्सरचा जाड थर वाळलेल्या सालीसारखा चिकटला होता. फुफ्फुस फुलायला तयार नाही, म्हणून रिकाम्या झालेल्या जागेत हवा शिरली होती. अशी हवा रुग्णाला त्रास देत नसेल तर नळीची गरज नसते. नळी टाकूनही ते फुफ्फुस वर येत नाही. बाई तर उलट पहिल्यांदाच सलग बोलत होत्या. त्या रात्री एका उशीवर झोपल्या.

म्हणजे दोन उत्तरं हातात आली. दम नक्की कमी होतो, फुफ्फुस मात्र पूर्ण फुलत नाही. तिसरं उत्तर नवव्या दिवशी मिळालं, पाणी परत भरलं तेव्हा.

पर्याय

पहिला पर्याय, लागेल तेव्हा सुईनं पाणी काढत राहणं. ज्यांच्या हातात थोडेच आठवडे आहेत त्यांच्यासाठी हा मार्ग योग्य, त्यात कमीपणा काही नाही. पण या बाईंचा आजार तसा नव्हता. पाण्यातल्या पेशींचा ब्लॉक करून तपासलं तर हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्यांना दाद देऊ शकणारा प्रकार. अशा स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाणी झालं तरी औषधांवर महिने, कधी वर्षंही मिळतात. दर नऊ-दहा दिवसांनी सुई, दर वेळी प्रथिनांचा नाश, आणि पाण्यात जाळ्या धरल्या की सुईनं निघणंही अवघड.

दुसरा पर्याय प्ल्युरोडेसिस. नळी टाकून सगळं पाणी काढायचं, मग आत औषध सोडून दोन्ही थर एकमेकांना चिकटवायचे म्हणजे पाण्याला जागाच उरत नाही. जगभर त्यासाठी ४ ते ५ ग्रॅम निर्जंतुक टाल्क (एक बारीक खनिज भुकटी) वापरतात. आपल्याकडे टाल्क मिळायला अडचण पडली की १० टक्के पोव्हिडोन आयोडीनचे २० मिलिलिटर ८० मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळून सोडतात. स्वस्त आहे, चालतं, दुखतं मात्र चांगलंच. आधी वेदनेचं औषध दिल्याशिवाय करू नये. चार-पाच दिवस रुग्णालयात राहावं लागतं. मुलाला हाच पर्याय पसंत होता. 'एकदाच काय ते करून टाका सर' हे त्याचं वाक्य. पण चिकटवायला दोन्ही थर एकमेकांना टेकायला तर हवेत! फुफ्फुस वर येतच नाही तिथं औषध सोडलं तर वेदना पदरात पडते, गुण येत नाही.

तिसरा पर्याय घरी न्यायची नळी. सिलिकॉनची मऊ नळी त्वचेखालून थोडं अंतर नेऊन छातीत सोडतात. बाहेरच्या टोकाला झडप असते, जोड लावल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही आणि हवा आत जात नाही. दिवसाआड किंवा लागेल तसं घरीच पाणी काढता येतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या टाइम-२ चाचणीत अशी नळी आणि टाल्क यांची तुलना झाली. दम कमी होण्यात दोन्ही बरोबरीचे ठरले. फुफ्फुस अडकलेलं असेल तर मात्र तुलनेचा प्रश्नच राहत नाही, नळीच सरस.

दुर्बिणीतून छाती उघडून साल सोलून काढण्याचा विचार आम्ही फार वेळ केला नाही. या वजनाच्या आणि या टप्प्यावरच्या रुग्णाला ती शस्त्रक्रिया झेपणारी नव्हती.

केवळ गोळ्यांच्या भरवशावर थांबायचं का, हा प्रश्न खरा होता. कॅन्सरतज्ज्ञ डॉक्टरांचं मत लेट्रोझोल पुन्हा सुरू करून जोडीला पॅल्बोसिक्लिब, म्हणजे कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारं औषध, द्यावं असं होतं. गोळी आजारानं हरवली नव्हती, बाईंनीच सोडली होती, म्हणून ती पुन्हा लागू पडायची शक्यता चांगली होती. २०२३ पासून पॅल्बोसिक्लिब भारतीय कंपन्यांचं मिळू लागल्यावर किंमतही बरीच उतरली आहे. पण हार्मोनच्या उपचाराचा गुण दिसायला आठवडे लागतात. त्यात टीबीच्या औषधांमधलं रिफाम्पिसिन ही दोन्ही औषधं शरीरातून लवकर फेकून देतं. ते बंद केल्यावरही त्याचा असर उतरायला दोनेक आठवडे द्यावे लागले. चुकीच्या निदानाची ही किंमत सहसा कुणी मोजत नाही.

निर्णय कुणाचा

मुलानं पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, 'आईला कॅन्सर परत आलाय हे सांगू नका.' सुई टोचून पाणी काढण्यापर्यंत ते निभावलं. पण अंगाला महिनोन्‌महिने नळी लावायची आणि कशासाठी ते सांगायचं नाही, हे जमणारं नव्हतं. आम्ही मुलाला तेवढंच म्हणालो की खोटं बोलणार नाही, त्या विचारतील तेवढंच सांगू.

बोलणं वॉर्डातल्या तेलुगू जाणणाऱ्या सिस्टरनं केलं. मुलाला दुभाषी केलं असतं तर मध्येच अर्धं गाळलं गेलं असतं. सिस्टरनं विचारलं, मावशी, तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो? आमची अपेक्षा होती दम, झोप किंवा दुखणं. बाई म्हणाल्या, पोराचा खाडा होतो. दर खेपेला मागावरची पाळी बुडते, पगार कापला जातो, आणि सून दिवसभर माझ्यामागे. मग त्यांनीच विचारलं, जुनंच आहे ना हे? सिस्टर हो म्हणाली. बाईंना धक्का बसल्याचं काही दिसलं नाही. दोन वर्षं गोळी घेतली नाही, याची चुटपुट त्या आधीपासूनच मनात घेऊन होत्या.

खाडा हा निकष आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता, पण त्यानं पारडं झुकलं. घरी पाणी काढता येईल असा मार्ग एकच होता.

घराचा प्रश्न मात्र मोठा होता. एक खोली, तिच्यातच तंबाखूची धूळ. पाणी रोज येत नाही, पिंपात साठवलेलं. आणि बाहेर एप्रिलचं सोलापूर, ४२ अंश. नळीला जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण एरवी शेकडा पाचच्या आसपास असतं, इथं ते वाढेल अशी रास्त भीती होती. आमच्यातल्या दोघांचं मत या घरात नळी पाठवूच नये असं होतं. आम्ही आधी सुनेला वॉर्डात बोलावून पाणी काढून दाखवलं, मग तिच्याकडून करवून घेतलं. विडी वळणाऱ्या बायकांची बोटं भलती नेमकी असतात. झडपेचा जोड तिनं आमच्या इंटर्नपेक्षा सफाईनं लावला. तिथं विरोध मावळला.

काय केलं

नळी भुलीचं इंजेक्शन देऊन, तेवढाच भाग बधिर करून टाकली. एक रात्र ठेवून घरी पाठवलं. नळीचा खर्च मुलानं भिशी उचलून आणि बाकी एका दात्याच्या मदतीनं भागवला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठला भाग बसतो आणि कुठला नाही, हे दाखल व्हायच्या आधीच आरोग्यमित्राकडे बसून विचारावं. डिस्चार्जच्या दिवशी विचारण्यात अर्थ नसतो.

नळीबरोबर येणाऱ्या व्हॅक्यूमच्या बाटल्या महाग पडतात. एकदा नळी टाकली की संपलं असं घरच्यांना वाटतं, आणि खरा खर्च दर आठवड्याला बाटल्यांचा होतो. म्हणून जोडनळीला साधी निर्जंतुक पिशवी लावून ती खाटेखाली ठेवायची, पाणी उताराने आपोआप येऊ द्यायचं, असं ठरलं. वेळ जास्त लागतो, पण ओढ कमी बसते. अडकलेल्या फुफ्फुसाला हे उलट मानवलं.

रोज काढायचं की लागेल तसं, यावरही बोलणं झालं. रोज काढल्यानं थर आपोआप चिकटण्याची शक्यता वाढते असं अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं आहे, पण अडकलेल्या फुफ्फुसाला तो हिशोब लागू नाही; तिथं रोज काढलं की दुखणंच वाढतं. सुनेला सांगितलं: दम वाटला तर किंवा तीन दिवस झाले तर काढायचं, खोकला आला किंवा छातीत ओढ लागली की चिमटा बंद. वहीत तारीख आणि मिलिलिटर लिहायचे.

घामानं चिकटपट्टी सुटायची. पहाटे, ऊन चढायच्या आत, विड्यांचं सूप बाहेर ठेवून ड्रेसिंग करायचं असा नेम सुनेनंच लावून घेतला. हात साबणानं धुवायचे, पण पिंपातलं पाणी झडपेला लागू द्यायचं नाही; तिथं फक्त पाकिटातला निर्जंतुक बोळा. आहाराच्या कागदावर पनीर लिहिलेलं होतं. ते खोडून अंडी, डाळ आणि शेंगदाण्याची चटणी लिहिलं.

परिणाम

पहिल्या पंधरवड्यात दर खेपेला ४०० ते ५०० मिलिलिटर निघत होतं. बाई आडव्या होऊन झोपू लागल्या, दारात बसून पानं कातरू लागल्या. तंबाखूला हात लावू नका म्हटलं तर म्हणाल्या, कातरतेय फक्त.

मे महिन्यात नळीच्या तोंडाशी लाली आणि टणकपणा आला. अशा वेळी हात लगेच नळी काढण्याकडे जातो. आतल्या पाण्याचा नमुना स्वच्छ होता, ताप नव्हता. प्रतिजैविकाच्या गोळ्यांवर दहा दिवसांत लाली गेली, नळी जागेवरच राहिली. संसर्ग त्वचेपुरता असेल तर बहुतेक वेळा असंच करता येतं.

पॅल्बोसिक्लिबनं पांढऱ्या पेशी घसरल्या, एकदा मात्रा कमी करावी लागली. जुलैपासून वहीतले आकडे उतरू लागले: २०० मिलिलिटर, १२०, ८०. ऑगस्टमध्ये ओळीनं तीन वेळा ५० च्या आत निघाल्यावर सोनोग्राफी केली. नळी बुजलेली नाही आणि आत पाणीही नाही, याची खात्री करून ती काढली. ही खात्री करायलाच हवी, कारण बुजलेल्या नळीतूनही पाणी येत नाही आणि सगळे खूश होतात. फुफ्फुसाचा खालचा कोपरा शेवटपर्यंत आवळलेलाच राहिला, पण त्याचा त्रास नव्हता.

पुढच्या वर्षी आजार यकृतात गेला. औषध बदललं, फार उपयोग झाला नाही. नळी काढल्यानंतर साधारण दहा महिन्यांनी बाई घरीच गेल्या. शेवटच्या दिवसांतल्या धापेला तोंडावाटे मॉर्फिनची छोटी मात्रा आणि चेहऱ्यावर टेबल फॅनचा वारा पुरला. डावीकडचं पाणी परत भरलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या टॅपचं, म्हणजे सुईनं पहिल्यांदा काढलेलं, पाणी पेशी-तपासणीला गेलं असतं तर पाच आठवडे वाचले असते, हे उघड आहे. ५० मिलिलिटर जास्तीचं पाणी एका बाटलीत भरून पाठवायला काही लागत नाही. मात्र पहिल्या तपासणीत कॅन्सर पकडला जाण्याचं प्रमाण शंभरात साठच्या आसपासच आहे. निगेटिव्ह अहवाल आला म्हणून कॅन्सर नाही असं धरू नये, व्रण असेल तर मुळीच नाही.

दुसरं, पहिल्या दोन्ही टॅपनंतर एक्स-रे काढलेला नव्हता. कागदावर एवढीच ओळ: पाणी काढलं, रुग्णास बरं वाटतं. फुफ्फुस तेव्हाच अडकलं होतं की पाच आठवड्यांत साल जाड झाली, हे आता कधीच कळणार नाही. तेव्हा ते मोकळं असतं, तर मुलाला हवं होतं तसं 'एकदाच काय ते' खरंच करता आलं असतं.

नळीबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, गोळ्यांनीच पाणी आटलं. तोवर पाच-सहा वेळा सुई टोचली असती तरी चाललं असतं, भिशी वाचली असती आणि मे महिन्यातला संसर्गही टळला असता. गोळ्यांनी पाणी आटलं हे मला मान्य आहे. पण एप्रिलमध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सुनेच्या वहीतल्या नोंदी बेरजेत धरल्या तर जुलैपर्यंत निघालेलं पाणी पाच-सहा सुयांत मावणारं नव्हतं. दर सुईला एक खाडा धरला तर भिशीचा हिशोबही सहकाऱ्याच्या बाजूनं झुकत नाही. अडकलेलं फुफ्फुस, लवकर भरणारं पाणी आणि बराच काळ जगण्याची शक्यता असलेला पेशंट अशा तिन्ही गोष्टी जुळल्या, तर मी पुन्हा नळीच सुचवीन. तिन्हींतलं एक जरी वेगळं असतं, तर सहकाऱ्याचं ऐकलं असतं.